खोक्यातली सातवी वस्तू

खोक्यातून सात वस्तू निघाल्या. कुंदाताईंनी त्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि पुन्हा मोजल्या. सायकलवाले घालतात तशी टोपी एक; बाहेरून पांढरी आणि गुळगुळीत, आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आणि पोळ्याच्या प्रत्येक घरात मसुराएवढा दिवा. काळा चष्मा एक. चार्जर एक. टोपी पुसायचं फडकं एक. सहा भाषांतलं माहितीपत्रक एक. हमीपत्र एक. आणि अगदी तळाशी, वेगळ्या पाकिटात, केस कापायचं यंत्र एक.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

पुण्याहून खास आलेली त्यांची मुलगी मेघना माहितीपत्रक चाळत होती. "अगं, केस काढावे लागतात म्हणे. मागचे. नाहीतर प्रकाश आत पोचत नाही."

"हे आधी नाही बोललीस."

"मलाही आत्ताच कळतंय. केसच आहेत आई, येतील परत."

कुंदाताईंनी यंत्र उचललं, पाकिटात घातलं आणि पाकीट खोक्यात ठेवून झाकण लावलं. टेबलावर सहा वस्तू उरल्या.

"बघू," त्या म्हणाल्या.

हल्ली त्या सगळंच मोजून बघत. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी बाजारातून येताना त्या शेजारच्याच इमारतीत शिरल्या, तिसऱ्या मजल्यावर चढल्या आणि दुसऱ्याच्या कुलपात किल्ली घालून खटपट करत राहिल्या. आतल्या माणसाने दार उघडलं, तर त्यालाच विचारलं, "तुम्ही माझ्या घरात काय करताय?" मिरजेच्या मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली बाई. फळ्याकडे पाठ करून बोलता बोलता महाराष्ट्राचा नकाशा काढणारी. त्या रात्री त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तो काढून पाहिला. कोकणचा किनारा सरळ उतरला. पुढे नागपूर कुठे टाकायचं ते काही केल्या कळेना.

एवढ्यावर भागलं असतं. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा मेंदूचा रक्तप्रवाह मोजून घ्यायचा, असा नियम २०३६ साली आला होता. एक आकडा कपाळामागच्या भागाचा, एक डोक्याच्या मागच्या भागाचा, जिथून दिशा आणि जागा कळतात. दोन्ही चाळीसच्या वर असले तर एकट्याने राहण्याचा दाखला मिळे. नसले, तर सहा महिन्यांची मुदत आणि मग कुणाकडे तरी मुक्काम. कुंदाताईंचा पुढचा आकडा एक्केचाळीस आला होता, मागचा छत्तीस. मेघनाने पुण्याच्या घरातली एक खोली रंगवून ठेवली होती. खिडकीला पडदेसुद्धा लावले होते. कुंदाताईंना ते पडदे बघायचे नव्हते. त्यांना मिरजेतच, आपल्याच कुलपात आपलीच किल्ली घालायची होती.

*

टोपीचं खोकं ज्यांनी पाठवलं, त्या तपासणी केंद्रातले डॉक्टर साकेत हर्डीकर तिशीचे होते आणि कुणालाही 'आजी' म्हणत नसत, म्हणून कुंदाताईंना ते बरे वाटत. त्यांनी खोलीतला दिवा घालवला, एक टॉर्च पेटवली आणि आपल्या मुठीत धरली. बोटांच्या कडा तांबड्या भडक दिसू लागल्या.

"टॉर्च पांढरी आहे. मग हात लाल का दिसतो?"

"बाकीचे रंग आत अडकतात."

"बरोबर. लाल बाहेर पडतो. लालच्या पलीकडे एक प्रकाश आहे, डोळ्यांना न दिसणारा. तो आणखी खोल जातो. कातडी, कवटी पार करून शंभरातले दोन-तीन कण मेंदूवर पोचतात. तेवढे पुरतात."

"काय करतात तिथे जाऊन?"

डॉक्टरांनी दिवा लावला. "प्रत्येक पेशीत ऊर्जेच्या बारीक भट्ट्या असतात. भट्टीत एक प्रथिन असतं, श्वासातला ऑक्सिजन वापरणारं. वय झालं की त्याच्यावर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू चिकटून बसतो आणि भट्टी मंदावते. हा प्रकाश पडला की तो वायू सुटतो. भट्टी पुन्हा धगधगते. आणि सुटलेला वायू वाया जात नाही. तो शेजारच्या केसासारख्या रक्तवाहिन्यांना सैल करतो. त्या रुंदावतात, रक्त जास्त येतं. तुम्ही रोज वीस मिनिटं टोपी घालायची, एवढंच."

"आणि केस?"

"तुमच्याच विषयात सांगतो. घनदाट जंगलात जमिनीवर ऊन का पोचत नाही?"

"विषुववृत्तीय जंगलात," कुंदाताईंनी दुरुस्ती केली. "मग भांग पाडून नाही चालणार? पायवाटा काढल्यासारखे?"

"टोपीत दोनशे छप्पन्न दिवे आहेत. किती पायवाटा काढणार?" ते हसले. मग म्हणाले, "खरं सांगू का काकू, आमच्याकडे बायकांचे मागचे आकडे वर सरकतच नाहीत. पुरुषांचे सरकतात. त्यांच्यातल्या निम्म्यांना टक्कलच असतं, उरलेले कापून येतात. बायका तयार होत नाहीत. आम्ही नोंदवून ठेवतो, केसांची हौस म्हणून."

"तसं म्हणतात त्या?"

"आम्ही विचारतो, हौस आहे का? त्या हो म्हणतात."

कुंदाताईंच्या मानेवर वेणीचं ओझं होतं. जाड, करड्या-काळ्या केसांची, कमरेपर्यंत पोचणारी वेणी. "माझंही तेच लिहा," त्या म्हणाल्या.

*

दोन महिने त्यांनी टोपी नुसती कपाळावर ओढून घातली. सकाळी चहानंतर काळा चष्मा लावून त्या आरामखुर्चीत बसत. ऊब जाणवेल न जाणवेलशी. केंद्रातल्या फेरतपासणीत पुढचा आकडा चव्वेचाळीस आला. बोलताना अडणारे शब्द झटकन येऊ लागले, दुधवाल्याचा हिशोब त्या तोंडी करू लागल्या. मागचा आकडा छत्तीस होता, छत्तीसच राहिला.

ते पत्त्यांतही दिसे. दुपारी कुंदाताईंच्या घरी मेंढीकोटाचा डाव बसायचा. शमशाद मुजावर आणि सरोज मगदूम एका बाजूला. कुंदाताई आणि निवृत्त परिचारिका एस्तेर सातपुते दुसऱ्या बाजूला. चार दहिल्या, म्हणजे चार मेंढ्या, जास्त ज्या जोडीला मिळतील ती जिंकली. कुंदाताईंना कुठलं पान पडून गेलं ते अचूक आठवे. ते कुठल्या बाजूने पडलं, ते मात्र नाही.

"चौकटची दहिली गेली," त्या म्हणाल्या आणि एस्तेरच्याच हातावर हुकूम मारून बसल्या.

"कुंदे, माझाच हात कापलास की गं!"

"ती तुमची होती का गं सरोज, की आमची?" कुंदाताईंनी विचारलं.

"आमचीच समज," शमशाद म्हणाली. "तू अशीच खेळत राहा, देव तुला शंभर वर्षं आयुष्य देवो."

सगळ्या हसल्या. कुंदाताईही हसल्या. एस्तेर हसली नाही. गुढीपाडव्यानंतर मुदत संपते, हे तिला ठाऊक होतं.

*

मेघना पुढच्या शनिवारी पुन्हा आली. तिने मनाशी सगळं ठरवलं होतं. 'बघू' म्हणजे आईची तयारी आहे, फक्त लाजते आहे, असा तिने अर्थ लावला होता. दुपारी कुंदाताई झोपून उठल्या आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या.

मागच्या गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरली होती. त्यांच्यावर पाट. केस घरात उडू नयेत म्हणून पाट भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. आणि मागच्या लोखंडी जिन्यावरून कुणीतरी पावलं न वाजवता वर येत होतं. खालच्या सलूनचा नंदू होता, काखेत पिशवी.

"आई, उठलीस? मागच्या जिन्याने बोलावलंय याला," मेघना हलक्या आवाजात म्हणाली. "सगळी बिल्डिंग झोपलीय. कुणाला दिसायलाच नको. पाच मिनिटांचं काम आहे."

कुंदाताई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी पाटाकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "नंदू, तुझी काही चूक नाही रे बाबा. आज जा. आणि हे बघ, जाताना पुढच्या दाराने जा."

नंदूने चपला हातात घेतल्या आणि घरातून चालत पुढच्या दाराने निघून गेला. दार लागलं तशी मेघना उसळली.

"झालं! मी दोनशे किलोमीटर गाडी चालवत येते. तुझा दाखला अडकलाय, मला झोप लागत नाही, आणि तुला केस पडलेत! या वयात कुणाला दाखवायचेत आई?"

"पाट उचल आधी."

"का?"

"उचल. मग सांगते."

मेघनाने पाट उचलून भिंतीला टेकवला. कुंदाताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या.

"माझ्या वडिलांच्या आत्या होत्या, कुरुंदवाडला. आम्ही माईआत्या म्हणायचो. चौदाव्या वर्षी नवरा गेला. त्याचा चेहरासुद्धा त्यांना आठवत नव्हता. मी सात वर्षांची असताना त्या सत्तरीला टेकल्या होत्या. महिन्यातून एकदा दुपारी, घर झोपलं की न्हावी यायचा. मागच्या दाराने. मागच्या पडवीत पाट, तोंड भिंतीकडे, शेजारी तांब्या. आम्हा पोरांना पुढे अंगणात पिटाळायचे."

मेघनाचा हात तांब्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"एकदा मी दाराआडून बघितलं. मला वाटलं होतं, डोळे मिटून घेतले असतील. नाही. त्या भिंतीकडे बघत होत्या, जसं काही तिच्यावर काहीतरी लिहिलंय आणि वाचून संपवायचंय. मला त्यांच्या मांडीवर बसून डोक्यावरून हात फिरवायला आवडायचं. बारीक खुंट आलेले असायचे, मांजराच्या जिभेसारखे खरखरीत. मी ओरडायचे, आत्या, तुला केस आले! त्या म्हणायच्या, उद्या जातील."

गॅलरीतली वर्तमानपत्रं वाऱ्याने फडफडली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुझ्या बाबांनाही नाही सांगितलं. ते गेले तेव्हा चौदाव्या दिवशी मी न्हाऊन वेणी घातली आणि अबोलीचा गजरा माळला. तुझी काकू काय म्हणाली, आठवतं?"

"गजरा मीच आणला होता," मेघना म्हणाली.

"हो. तूच आणला होतास."

मेघनाने तांब्यातलं पाणी मोरीत ओतलं, वर्तमानपत्रं गोळा करून घडी घातली. मग म्हणाली, "मी आता केसांचं नाव काढणार नाही. पण मग आई, पुण्याला यावं लागेल गं. नियम मी केलेला नाही."

"माहीत आहे."

"पडदे तुला हवे ते लावू."

"माहीत आहे," कुंदाताई पुन्हा म्हणाल्या.

*

सोमवारी डाव मोडल्यावर शमशाद आणि सरोज गेल्या, पण एस्तेर पत्ते पिसत बसून राहिली. कुंदाताईंनी तिला खोक्याबद्दल सांगितलं, पाटाबद्दल सांगितलं. कुरुंदवाडचंही सांगितलं. आता एकदा सांगून झालं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा सोपं गेलं.

"मी दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी किती डोकी भादरली त्याला गणती नाही," एस्तेर म्हणाली. "बायका रडायच्या. आमच्या सिस्टर म्हणायच्या, पटकन उरकून टाक, कळायच्या आत. मी उलटं करायचे. खुर्ची खिडकीकडे फिरवायचे आणि आरसा त्यांच्याच हातात द्यायचे."

"मग रडायच्या नाहीत?"

"रडायच्या की. पण काय चाललंय ते बघत रडायच्या."

कुंदाताईंनी तिच्या हातातले पत्ते घेतले आणि एकदा पिसले. "माईआत्यांना कुणी विचारलं असतं ना एस्तेर, काढायचे का म्हणून, तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मला कधी कळलं नाही. मला मात्र सगळे विचारताहेत. मुलगी विचारते, डॉक्टर विचारतो. आणि मी हौस आहे म्हणून सांगून मोकळी होते."

"मग काय म्हणतेस?"

"शनिवारी पत्त्यांच्या वेळेला ये. जरा लवकर. त्या दोघींनाही सांग."

"आणि मेघना?"

"तिला फोन करते. गजरा आण म्हणावं. वेणी जायच्या आधी एकदा माळते."

*

शनिवारी दुपारी कुंदाताईंनी पुढचं दार सताड उघडं ठेवलं. पुढच्या खोलीतले पडदे बाजूला सारले आणि जेवणाच्या टेबलाजवळची हात असलेली खुर्ची खिडकीसमोर आणून ठेवली. त्यांनी मोतिया रंगाची, जांभळ्या काठाची साडी नेसली होती, टिकली लावली होती, आणि वेणीत अबोलीचा गजरा होता. शमशाद सोफ्यावर पाय घेऊन बसली. सरोजने येताना चिवड्याचा डबा आणला होता. वरच्या मजल्यावरच्या सूनबाई उघड्या दारातून डोकावल्या, "काय कार्यक्रम?" म्हणाल्या आणि आत येऊन उभ्या राहिल्या.

एस्तेरने आधी वेणीचा शेंडा आणि मूळ दोऱ्याने घट्ट बांधलं. कात्रीने वेणी कापायला तिला दोनतीनदा जोर लावावा लागला. ती तिने गजऱ्यासकट मेघनाच्या ओंजळीत दिली. कर्करोगाच्या रुग्णांना केसांचे टोप करून देणारी एक संस्था सांगलीत होती. वेणी तिकडे जायची होती. गजरा मेघनाने काढून खिडकीच्या गजाला अडकवला.

"यंत्र दे इकडे," कुंदाताई म्हणाल्या.

त्यांनी आरसा डाव्या हातात धरला आणि यंत्र कपाळापासून मागे, टाळूपर्यंत, एका दमात नेलं. मधोमध एक सरळ पट्टा उमटला.

"कोयनेचं खोरं," त्या म्हणाल्या.

"सगळेच काढतेस? मागचेच पुरतात ना?" मेघनाने विचारलं.

"अर्धवट काही आवडत नाही मला. घे एस्तेर, पुढचं तू कर."

यंत्र गुणगुणत राहिलं. कुंदाताईंनी सबंध वेळ आरसा खाली ठेवला नाही. एकदाच त्यांनी हात वर केला, एस्तेरने यंत्र थांबवलं, वाट पाहिली, आणि त्यांनी मान हलवल्यावर पुन्हा चालू केलं.

"कुंदा," सरोज चिवडा खाता खाता म्हणाली, "तुझं नाक एवढं मोठं आहे होय!"

"आणि कान बघ," शमशाद म्हणाली. "इतके दिवस लपवून आमचे पत्ते ऐकत होतीस."

कुंदाताई हसता हसता रडल्या, आरशात बघत. मग एस्तेरने फडक्याने मान पुसली, आणि सरोजने पत्ते वाटायला घेतले. त्या दिवशी डाव शमशाद-सरोजनेच जिंकला.

*

डोक्यावर पदर न घेता त्या बाजारात गेल्या. भाजीवालीने मेथीची जुडी हातातच धरून विचारलं, "काकू, तिरुपतीला जाऊन आलात व्हय?"

"नाही गं. डोक्याला ऊन दाखवतेय."

आठवड्यात तिरुपतीचा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की शेवटी त्या "हो, प्रसाद संपला" म्हणू लागल्या. एका ओळखीच्या बाईंनी मात्र काही विचारलं नाही. डोक्याकडे बघितलं, नजर खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या घरातही होत्या एक." कुंदाताई त्यांना घरी घेऊन गेल्या, चहा केला आणि टोपी उघडून आतले दिवे दाखवले.

रोज सकाळी आता टोपी पूर्ण बसे. खुंट वाढले की एस्तेर येई. खुर्ची खिडकीशी, दार उघडं. मेघना एका रविवारी आली तेव्हा आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने डोक्यावर तळवा ठेवला.

"आई, केस आले तुला."

"आले ना? एस्तेर येईल संध्याकाळी," कुंदाताई म्हणाल्या. "तोवर फिरव हात. बरं वाटतं."

मुदत संपायच्या आठवड्यात दोघी तपासणी केंद्रात गेल्या. कुंदाताईंनी डॉक्टर साकेतना आधीच्या खेपेचं उत्तर बदलायला सांगितलं. "हौस नव्हती," त्या म्हणाल्या आणि कुरुंदवाडची पडवी त्यांनाही सांगितली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आमच्या खोक्यात ते यंत्र ठेवताना एकानेही विचार केला नाही, काकू. मीही त्या बैठकीत होतो." मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या बायकांशी बोलाल का तुम्ही?"

"बोलेन. पण काढा म्हणून नाही सांगणार. कसे काढायचे ते सांगेन."

एमआरआय यंत्रात त्यांना अर्धा तास निजवलं. त्यानंतर निकाल येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं होतं. मेघना नखं खात होती. कुंदाताईंनी तिच्या पर्समधला एक पाठकोरा कागद मागून घेतला आणि पेनाने किनारा काढायला घेतला: डहाणूपासून खाली, रत्नागिरीवरून वेंगुर्ल्यापर्यंत. मग वर, सातपुड्याच्या बाजूने पूर्वेकडे. नागपूरचा ठिपका त्यांनी टाकला, जरा मागे झुकून बघितलं आणि तसाच ठेवला.

डॉक्टर साकेत बाहेर आले. कागद त्यांनी मेघनाकडे न देता कुंदाताईंच्या हातात दिला. त्यावर दोन ओळी होत्या.

मेंदूचा रक्तप्रवाह, दर शंभर ग्रॅममागे मिनिटाला मिलिलिटर. कपाळामागचा भाग: ४५. मागचा भाग: ४१.